देवाचा खण

रणदिवे काकांच्या गाडीतून कुठे जायचं असलं, की दहा मिनिटं आधी तयार राहावं लागे. काका वक्तशीर होते म्हणून नव्हे. निघण्याआधी ते गाडीला तीन प्रदक्षिणा घालत म्हणून. पहिल्या फेरीत टायर, दुसरीत दिवे आणि तिसरीत नुसतंच बघायचं. आत बसल्यावर प्रत्येकाचा पट्टा स्वतः ओढून बघायचे. एकदा मी म्हणाले, "काका, लावलाय हो मी." तर म्हणाले, "लावलाय हे कोणी बघितलं? कधी बघितलं?" मी चव्वेचाळीस वर्षांची, दोन प्रोजेक्टांची लीड, सॉफ्टवेअर तपासण्यावरच पोट भरणारी बाई. पण मुकाट्याने पट्टा पुढे केला. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे.

"कोणी बघितलं, कधी बघितलं" हे त्यांचं पालुपद. गॅस बंद आहे का विचारलं, की आम्ही हो म्हणायचो आणि ते हे दोन प्रश्न टाकायचे. मग परत उठून बघावंच लागे. ते भूल देणारे डॉक्टर होते. मूळचे सांगलीचे, मिरजेला शिकलेले. अमेरिकेतल्या आमच्या या राज्याच्या डोंगराळ भागातल्या एका लहानशा हॉस्पिटलात त्यांनी चौतीस वर्षं काढली. तिथल्या नर्सांनी त्यांचं नाव "डॉक्टर अगेन" ठेवलं होतं. औषधाच्या बाटलीवरचं नाव नर्सने मोठ्याने वाचायचं, यांनी वाचायचं आणि मग हे म्हणायचे, "अगेन." पेशंट टेबलावर ताटकळतोय, सर्जन वैतागलाय आणि हे तिसऱ्यांदा नळी तपासताहेत. पण त्या चौतीस वर्षांत त्यांनी झोपवलेला एकही माणूस त्यांच्या चुकीने उठायचा राहिला नाही. हे ते स्वतः कधी सांगत नसत, त्यांची मुलगी मेघना सांगायची.

"झोपवणं हे काम नाही, नागपूरकर," ते मला म्हणायचे. माझं नाव त्यांनी दोन वर्षांत दोनदा घेतलं असेल, मी त्यांची नागपूरकरच. "झोपवायला काय, कंटाळवाणा कीर्तनकारसुद्धा झोपवतो. उठवणं हे काम."

काकू गेल्या आणि मेघना त्यांना मॉरिसव्हिलला घेऊन आली. आमच्याच गल्लीत, आमच्यापासून तिसरं घर. मेघना औषधांच्या कंपनीत, इराला एकटीने वाढवणारी. इरा अकराची, माझी सईही अकराची. दोघी एका वर्गात, एका बसमध्ये आणि शाळा सुटल्यावर एकतर आमच्या घरात नाहीतर त्यांच्या. खरं सांगायचं तर त्यांच्याच. आमच्याकडे मी सहापर्यंत मीटिंगमध्ये आणि नवरा, मंदार, वरच्या खोलीत हेडफोन लावून. काकांकडे थालीपीठ आणि लपाछपी. सकाळी बस येईपर्यंत काका मुलांपाशी उभे राहत. चढणारी मुलं मोजत आणि बस निघाली, की कोण राहिलं ते आम्हाला मेसेज करत. निम्मी मुलं तेलुगू, तमिळ, दोन चिनी, पण मोजणीत सगळी. आमच्या गल्लीतल्या आया निर्धास्त होत्या, त्यात मी पहिली. कुणी विचारलं, तर मी छातीठोकपणे सांगायची, की सई जगातल्या सगळ्यात सुरक्षित घरात आहे.

त्यांच्या स्वयंपाकघराशेजारी एका कोनाड्यात सागवानी देव्हारा होता. काकूंनी फार वर्षांपूर्वी सांगलीहून बोटीने मागवलेला. खाली दोन खण. वरच्यात पोथ्या आणि खालच्यात वाती, कापूर, उदबत्त्या, जानव्यांची पुडी. काकांचे घरात नियम फारसे नव्हते, पण देवाच्या खणाला हात धुतल्याशिवाय हात लावायचा नाही, हा एक होता. संध्याकाळी दिवा लावायची वेळ झाली, की ते हाक मारत, "वाती आणा गं कोणीतरी." मग दोघी मुलींची आधी बेसिनशी आणि मग खणाशी मारामारी. मला ते बघून भरून यायचं. आपल्या पोरी या देशात वाढूनही हात धुऊन वाती आणताहेत, अजून काय पाहिजे बाप्पा.

दसऱ्याला अख्खी गल्ली त्यांच्याकडे. आपट्याची पानं इथे कुठली, पण रेडबडच्या झाडाची पानं हुबेहूब तशीच, तीच सोनं म्हणून वाटायची. देव्हाऱ्यापुढे पाट मांडून शस्त्रपूजा. आमची शस्त्रं काय असणार? माझा लॅपटॉप, मंदारचा ड्रिल, मेघनाच्या प्रयोगशाळेतली काचेची नळी, मुलींच्या पेन्सिली. काकांचा स्टेथोस्कोप आणि घशात नळी घालताना जीभ बाजूला धरायचा तो वाकडा दिवा. या सगळ्यांच्या मधोमध लाल फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. पहिल्या वर्षी मी विचारलं, तर म्हणाले, "खरं शस्त्र आहे. दसऱ्याला एक तरी खरं नको का?" आडनाव रणदिवे, गाव सांगली. मला वाटलं असेल पणजोबांची कट्यार. मी त्याच्यावरही हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि पाटापुढे डोकं टेकवलं. सईलाही टेकवायला लावलं.

पुढच्या हिवाळ्याच्या शेवटी आमच्या राज्यातल्याच, दोन तासांवरच्या एका गावात शाळेत गोळीबार झाला. गावाचं नाव मी लिहीत नाही, त्या आईबापांचा तेवढा मान राहू दे. गोळ्या झाडणारा मुलगा शाळेतलाच, नववीतला. बंदूक बापाच्या कपाटातली. सकाळी बसमध्ये बसून गेलेली काही मुलं संध्याकाळी घरी आली नाहीत. आमच्या शाळेनेही दुपारभर दारं बंद ठेवली. सई घरी आली ती नेहमीसारखी. डबा अर्धा टाकून, जॅकेट विसरून. मी तिला इतका वेळ धरून बसले, की शेवटी तीच म्हणाली, "आई, आय एम फाइन."

मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अर्धा दिवस नुसते जोडलेले हात. मग वाद. एक म्हणाला सगळ्या बंदुका जप्त करा, दुसरा म्हणाला खरा प्रश्न मुलांच्या मनाचा आहे, तिसरा म्हणाला शिक्षकांनाच द्या बंदुका. चौथ्याने लिहिलं, की आपण इथे पाहुणे, अजून कित्येकांचं ग्रीन कार्ड लटकलंय, तेव्हा गप्प बसावं हे उत्तम. संध्याकाळपर्यंत पाडव्याच्या जेवणात श्रीखंड का बासुंदी हा विषय आला आणि सगळे सुटल्यासारखे त्यावर तुटून पडले. मंदारने फोन उलटा ठेवला. "या देशाचं हे असंच आहे. आपण कशाला पडायचं त्यात," म्हणाला. मीही काही फार वेगळी नव्हते.

दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर काकांनी मुलांना विचारलं, की असं काही झालं तर शाळेत काय करायला शिकवतात. मुलांनी हौसेने सांगितलं. दिवा बंद, कोपऱ्यात बसायचं, बोलायचं नाही, शिंकही आली तर दाबायची. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की दाराची कडी कोण तपासतं. मुलं म्हणाली, टीचर. त्या दिवशी त्यांनी मुलं दोनदा मोजली.

आमच्या कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शाळा-मंडळापुढे तेव्हा एक ठराव आला. ठराव कसला, एक पत्र होतं. दरवर्षी शाळा सुरू होताना पालकांना एक कागद पाठवायचा, की घरात बंदूक असेल तर ती रिकामी करून कुलपात ठेवा आणि गोळ्या वेगळ्या ठेवा. बस. पण या देशात या विषयावर साधा कागदही साधा राहत नाही. बैठकीला खुर्च्या कमी पडल्या. एका बाजूला सारख्या रंगाचे टी-शर्ट घातलेल्या आया, दुसऱ्या बाजूला टोप्या घातलेली वडीलधारी माणसं. एकीकडचे म्हणायचे एवढंसं पत्र पुरतं का, दुसरीकडचे म्हणायचे आज पत्र, उद्या झडती. ज्याला बोलायचं त्याने नाव नोंदवायचं आणि तीन मिनिटं बोलायचं. वेळ संपली की घंटी.

काकांनी नाव नोंदवलं. पन्नास वर्षं या देशात काढूनही चारचौघांत इंग्रजी बोलायची त्यांना धास्ती. घरी तालीम चाले. इरा स्वयंपाकघरातलं टायमर घेऊन बसायची आणि वेळ संपली की निर्दयपणे थांबवायची. पहिल्या बैठकीत ते तपासणीवरच बोलले. ऑपरेशनआधी आम्ही जे मोठ्याने वाचतो, ते आमचा डॉक्टरवर विश्वास नाही म्हणून नव्हे, तर माणूस विसरतो म्हणून. हे पत्रही तसंच समजा. शेवटचं वाक्य घंटीत बुडालं.

त्यांच्या शेजारच्या खुर्चीत डेल नावाचा एक म्हातारा बसला होता. ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात जन्म गेलेला, हाताच्या रेषांत कायमचं काळं तेल. तो विरोधात बोलला. म्हणाला, बापाने मला आठव्या वर्षी बंदूक दिली, पण त्याआधी वर्षभर ती उघडायला, रिकामी करायला आणि पुसायला शिकवलं. मी माझ्या पोरांना तसंच शिकवलं. माझ्या घरात काय कसं ठेवायचं, हे शाळेने मला कळवायचं कारण काय? खाली बसल्यावर तो काकांना म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही बोललात छान, पण चुकीचं बोललात." काकांना हे फारच आवडलं. पुढच्या बैठकीला ते त्याच्यासाठी पुडीत चिवडा घेऊन गेले. घरी येऊन मला म्हणाले, "तो माणूस मूर्ख नाही. तो बघतो. दरवेळी उघडून बघतो."

तिसऱ्या बैठकीच्या आधीच्या शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे बसले होते. काका उभे राहून तालीम करत होते, इरा टायमर घेऊन सोफ्यावर, सई तिच्या मांडीवर डोकं ठेवून. काका एकेक शब्द तोलून म्हणत होते, की प्रत्येक घरातली प्रत्येक बंदूक कुलपात असली पाहिजे. इराने मध्येच टायमर बंद केलं. म्हणाली, "बट आजोबा, आपली कुठे लॉक्ड आहे?"

काका म्हणाले, आपली कुठली?

सई डोकंही न उचलता म्हणाली, "द वन इन देवाचा खण. इट्स हेवी, आई."

हेवी. म्हणजे उचलली होती. माझ्या लेकीने ती हातात घेऊन बघितली होती.

काका देव्हाऱ्यापुढे जमिनीवर बसले. हात न धुता खण ओढला. वातींच्या डब्यामागून लाल फडकं काढलं, उलगडलं आणि मांडीवर धरून बसून राहिले. जुनं रिव्हॉल्व्हर. मुठीवर वर्षानुवर्षांचं हळदकुंकू चिकटलेलं, एका खाचेत एक अक्षत. मुली सांगत होत्या, दोघी एकदम. कधीपासून माहीत आहे, वाती काढताना लागते हाताला, वी नेव्हर प्लेड विथ इट, फक्त एकदा सईला दाखवली. काका इराला एवढंच म्हणाले, की तुम्ही दोघी अंगणात जा. त्यांना ती उघडता येत नव्हती. चौतीस वर्षं यंत्रं उघडून बघितलेला माणूस, ती कुठून उघडते हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं.

त्यांनी डेलला फोन लावला. तो वीस मिनिटांत आला. दारातल्या चपला बघून त्याने न सांगता बूट काढले, जमिनीवर काकांसमोर बसला आणि अंगठ्याने काहीतरी दाबून गोळ्यांचं चाक बाजूला पाडलं. तळहातावर सहा काडतुसं पडली. पाच रिकामी. सहावं त्याने उजेडात धरलं आणि उलटसुलट करून बघितलं.

"डॉक्टर, हे जिवंत आहे."

मग काकांना आठवलं. नोकरीची पहिली वर्षं. केव्हाही हॉस्पिटलचा फोन यायचा, डोंगरातला सुना रस्ता, अंगाचा रंग असा. बरोबरचे डॉक्टर म्हणाले, एक ठेव जवळ, सगळेच ठेवतात. एकाने शेतात नेऊन चालवायला शिकवली. सहातल्या पाच उडवल्यावर कान बधिर झाले, तेव्हा काका म्हणाले, सहावी राहू दे. आणि ती राहिली. काकूंना ती घरात नकोच होती. तेव्हा काकांनी म्हटलं, देवाच्या खणात ठेवू, तिथे कोण हात घालतंय? आपल्या घरात एवढी पवित्र, एवढी सुरक्षित जागा दुसरी कुठली? दर दसऱ्याला बाहेर निघायची, पूजा व्हायची, परत आत. चाळीस वर्षं. ज्या खणाला आंघोळीशिवाय काकूही शिवत नसत, त्यातूनच वाती आणायला ते रोज नातीला पाठवत होते.

मी त्या दिवशी फार वाईट बोलले. खोटं कशाला सांगू. म्हणाले, "काका, परक्यांचा श्वास न श्वास मोजलात तुम्ही. आणि माझ्या पोरीच्या हातात भरलेली बंदूक?" ते मान खाली घालून ऐकत होते. बाहेरून आलेली मेघना रडत म्हणाली, झालं तर काही नाही ना, नशीब म्हणा. तेव्हा काका पहिल्यांदा बोलले. "झालं नाही, ते माझ्यामुळे नाही झालं." दुसऱ्या दिवशी डेल आणि ते दोघं जाऊन ती वस्तू शेरीफच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या, ऑफिसात देऊन आले. सईचं त्या घरी जाणं मी बंद केलं. घरी मंदारसमोर तासभर तोंडाचा पट्टा चालवला, की लोक असे कसे, शिकलेसवरलेले, डॉक्टर. तो वरणभात कालवत राहिला. "जाऊ दे ना यार. होतं माणसाकडून," एवढंच म्हणाला. त्याचं हे थंडपण मला इतकं झोंबलं, की मी त्याच्यावरही घसरले. तो ताट उचलून आत गेला.

बैठकीच्या आदल्या दिवशी काका माझ्या दारात आले. आत या म्हटलं नाही मी आणि ते आलेही नाहीत. मेघनाने त्यांना बजावलं होतं, की हे बाहेर बोलायचं नाही. बैठकीचं चित्रण होतं, ते सगळीकडे फिरतं, इराला शाळेत तोंड दाखवायचंय. मराठी मंडळाच्या अध्यक्षांनीही कुणकुण लागताच फोन करून समजावलं, की आपल्या समाजाची इथे एक प्रतिमा आहे. काका म्हणाले, "मी क्षमा मागायला नाही आलो. ती मागायला तोंड नाही मला. परवानगी मागायला आलोय. सईचं नाव घेणार नाही, पण दुसऱ्याच्या मुलीच्या हातात ती होती, हे सांगावं लागेल." मी म्हटलं सांगा, आणि दार लावून घेतलं. पण बैठकीला गेले. शेवटच्या रांगेत, मंदारला न सांगता.

त्या दिवशी त्यांच्या हातात कागद नव्हता. माईकपाशी उभे राहिले आणि सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून बोलले. "मागच्या दोन बैठकांत मी तुम्हाला सांगितलं, कुलूप लावा. तेव्हा माझ्या घरात बंदूक होती. कुलूप नव्हतं. गोळी आत होती. मी ती देवाच्या खाली ठेवली होती. आमच्याकडे त्या जागेला कोणी हात लावत नाही, असं मी धरून चाललो होतो. माझ्या नातीने लावला. तिच्या मैत्रिणीने लावला. माझं जन्मभराचं काम तपासण्याचं. घरातली ही एक गोष्ट मी चाळीस वर्षांत एकदाही तपासली नाही, कारण मी तिची पूजा करत होतो." त्यांनी आधी टी-शर्टवाल्या आयांकडे बघितलं, मग टोप्यावाल्या म्हाताऱ्यांकडे. "असं पत्र मला आलं असतं, तर मला राग आला असता. मला काय शिकवता, असं मी म्हटलं असतं. पण मी उठून बघितलं असतं."

बराच वेळ उरला होता. ते तिथेच उभे राहिले आणि घंटी वाजल्यावर खाली बसले. त्यांच्यामागून डेलचं नाव आलं. तो विरोधातच बोलला, पहिल्यासारखाच. त्याला हवं असतं, तर काकांचंच उदाहरण उचलून म्हणता आलं असतं, की बघा, दोष पत्र नसण्याचा नाही, माणसाचा आहे. त्याने त्यांचा उल्लेखही केला नाही. ठराव मंजूर झाला नाही, नामंजूरही झाला नाही, अधिक अभ्यासासाठी पुढे ढकलला. अजून तो अभ्यास चालू आहे.

चित्रण फिरायचं तसं फिरलं. अनोळखी माणसांनी काकांना साधू म्हटलं, काहींनी आपल्या देशात परत जा म्हटलं. मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, की या वयात प्रसिद्धीची हौस. इराला शाळेत आठवडाभर मुलांनी "देवाची बंदूक" म्हणून छळलं, मेघना बापाशी पंधरा दिवस कामापुरतंच बोलली. गल्लीतल्या आयांनी मुलांना त्यांच्या घरी पाठवणं बंद केलं. बसथांब्यावर मात्र ते रोज येत, आता जरा लांब, टपालपेटीपाशी उभे राहून मुलं मोजत. महिनाभर मी ते खिडकीतून बघितलं. मग एका सकाळी माझी मला लाज वाटली आणि मी त्यांच्यासाठी कॉफी घेऊन बाहेर गेले. त्यांनी कप घेतला. "साखर?" म्हणाले. "कोणी बघितली?" मी हसले आणि लगेच रडले. सई दुसऱ्या दिवसापासून परत त्यांच्याकडे जायला लागली. खालच्या खणात आता खरंच फक्त वाती होत्या. मी उघडून बघितलं, अगदी त्यांच्यादेखत. त्यांनीच बघ म्हटलं.

त्यानंतरचा मंडळाचा गणपती मी नीट सांगते, कारण तीन आठवड्यांनी काका झोपेतच गेले आणि माझ्या डोळ्यांपुढे त्यांचं तेच रूप उरलंय.

डेलने त्यांना एक खोका आणून दिला होता. वायरीची कुलपं. बंदुकीतून वायर ओवून कुलूप लावलं, की ती चालत नाही. फुकट वाटायला कुठूनतरी मिळतात. "पत्राला माझा विरोध आहे," तो म्हणाला होता, "कुलपाला नाही." काकांनी अध्यक्षांना विचारलं, गणपतीच्या मांडवात ठेवू का. अध्यक्ष म्हणाले मांडवात बरं दिसत नाही, बाहेर ठेवा. म्हणून काका हॉलच्या दाराबाहेर, चपला काढायच्या जागी, घडीच्या खुर्चीवर खोका घेऊन बसले. झब्बे, पैठण्या, नऊवारी, सगळे त्यांच्यासमोर वाकून चपला काढत होते. काका प्रत्येकाला विचारत, घरी असली तर न्या. सगळे हसून म्हणायचे, छे हो काका, आपल्याकडे कुठलं असलं. दुपार झाली तरी खोका होता तसा भरलेला.

मी त्यांना ताट नेऊन दिलं. जेवून झाल्यावर म्हणाले, "नागपूरकर, मी इथे बसलोय तोवर हे असंच राहणार." आरतीचा पुकारा झाला तसे उठले. खुर्ची घडी करून भिंतीला लावली, खोका चपलांशेजारी उघडा ठेवला आणि आत जाऊन थेट पहिल्या रांगेत, मूर्तीपुढे, दाराकडे पाठ करून उभे राहिले.

आत गर्दी मावेना म्हणून मी दाराच्या खांबामागे राहिले. टाळ्या सुरू झाल्या. दुसऱ्या आरतीला क्रिकेट टीममधला एक पोरगेला इंजिनिअर बाहेर आला, फोन आल्यासारखं करत खाली वाकला आणि गेला. मग एक बाई. तिला मी तासापूर्वी "आमच्याकडे नाही बाई" म्हणताना ऐकलं होतं. तिने पर्स उघडली, बंद केली. मग आणखी दोघं.

मग मंदार आला. माझा नवरा.

त्याने आधी आपले बूट सरळ केले. मग सईचे सँडल जोडीने लावले. मग खोक्यात हात घालून एक कुलूप उचललं, झब्ब्याच्या खिशात टाकलं आणि तसाच वाकून राहिला थोडा वेळ. मला त्याने बघितलं नाही. कोरोनाच्या त्या पहिल्या वर्षी सगळं बंद होतं, रस्ते सुने होते आणि तो रोज बातम्या बघून अस्वस्थ व्हायचा, ते आठवलं. तो वरणभात आठवला. आमच्या घरात कुठे असेल ती? सई कुठे कुठे लपते लपाछपीत?

मंत्रपुष्पांजली संपली. मी गर्दीतून वाट काढत काकांशेजारी जाऊन उभी राहिले. ते डोळे मिटून हात जोडून होते. न वळता त्यांनी विचारलं, "गेली का काही?"

"गेली."

कोणी नेली, हे त्यांनी विचारलं नाही. जन्मभर ज्या माणसाने तेवढंच विचारलं, त्याने नाही विचारलं. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं मात्र, आणि बघतच राहिले. मग हलकेच म्हणाले, "आज रागावू नकोस. आधी बघ."

पार्किंगमध्ये आम्ही गाडीत बसलो, तेव्हा पलीकडे ते मेघनाच्या गाडीला प्रदक्षिणा घालत होते. एका हातात तो खोका आणि दुसऱ्या हाताने टायर दाबून बघणं. दुसरी फेरी, मग तिसरी. मेघना आत बसून वाट बघत होती. मंदारने गाडी चालू केली. मी मागे वळून सईचा पट्टा ओढून बघितला.

"लावलाय तिने," मंदार म्हणाला.

"कोणी बघितलं?" मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग खिशात हात घालून ते कुलूप काढलं आणि आम्हा दोघांच्या मधे ठेवलं.